दूध स्पर्धेच्या मांडवात स्वयंसेवक

कृषी मेळाव्यात स्वयंसेवक म्हटलं की गर्दी आवरणं, पाणी वाटणं, गाड्या लावून घेणं एवढंच डोळ्यासमोर येतं. मीही तेवढ्याच तयारीने नाव दिलं होतं. पण अर्जात एक प्रश्न होता, जनावरांची सवय आहे का? 'हो' लिहिलं आणि मला दूध स्पर्धेच्या, म्हणजे कोणती गाय सगळ्यात जास्त दूध देते ते ठरवायच्या, मांडवात पाठवलं.

सकाळी नोंदणी. पशुवैद्य ताप आणि लसीकरणाचे कागद बघायचे, कानातल्या बिल्ल्याचा नंबर वहीशी जुळवायचं काम माझं. लंगडणारं किंवा तोंडातून लाळ गळणारं जनावर आत घ्यायचंच नाही, मालक कितीही लांबून आलेला असो. परत पाठवताना जीव तुटतो. पण लाळ्या-खुरकूत हा संसर्गजन्य रोग एका गाईला असेल तर अख्ख्या मांडवाला व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे हा नियम मला पूर्ण पटतो.

खरं काम संध्याकाळी सुरू होतं. पंचांसमोर प्रत्येक गाईची कास पूर्ण रिकामी करतात. हे दूध मापात धरत नाहीत, ते वासरांना पाजतात. मग बारा तासांनी सकाळची धार, पुन्हा बारा तासांनी संध्याकाळची, आणि या दोन्हींची बेरीज म्हणजे निकाल. आधीचं दूध कासेत राहिलं तर ते सकाळच्या मापात येणार, म्हणून पंच चारही सड स्वतः पिळून बघतात. रात्रभर पहारा असतो. कुणी गुपचूप धार काढू नये, इंजेक्शन टोचू नये, यासाठी. आणि बादल्या सतत भरलेल्या लागतात, कारण एक लिटर दुधामागे गाय तीन-चार लिटर पाणी पिते.

सकाळी एक गाय पान्हाच सोडेना. बाहेर भोंगा सुरू, भोवती मोबाईल घेतलेली माणसं. मी तिला थोपटायला पुढे झाले, तर तिच्या मालकीण काकू म्हणाल्या, "अनोळखी हात नको गं लावू तिला. माणसं तेवढी मागे घे." कासेला हात लागला की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येतं आणि मिनिटाभरात पान्हा फुटतो. त्याचा जोर काही मिनिटंच टिकतो. गाय बिचकली तर ॲड्रेनलिन हे भीतीच्या वेळी सुटणारं संप्रेरक त्याला अडवतं, कासेत दूध असूनही सडात उतरत नाही. मी गर्दी अडवायची दोरी मागे सरकवून घेतली, भोंगा बंद करायला लावला. काकूंनी कोमट पाण्याने कास पुसली, हळूहळू चोळली, आणि धारेचा आवाज सुरू झाला. मांडवातली शांतता राखणं हे स्पर्धेतलं सगळ्यात मोठं काम आहे, असं माझं ठाम मत झालं.

दूध लिटरच्या मापाने मोजत नाहीत, फेसामुळे आकडा फसतो. आधी रिकामी बादली काट्यावर, मग भरलेली. आकडा मोठ्याने वाचायचा, मालकाला दाखवायचा, लगेच सही घ्यायची. एका मालकाला शंका आली तेव्हा पंचांनी काटा शून्यावर आणून त्याच्यासमोर पुन्हा वजन केलं.

तुम्हाला हे काम करायचं असेल तर अर्जातच रात्रीची पाळी मागा. भडक कपडे आणि अत्तर टाळा, बंद बूट घाला. आणि गाईच्या मागून कधीही जाऊ नका, तिला दिसेल अशा बाजूने, बोलत बोलत जवळ जा.