घरटी की माणशी?

आपल्याकडे सगळ्यांनी मिळून काही द्यायचं ठरलं की 'काय द्यायचं' हे मागाहून येतं. आधी वाद होतो तो 'घरटी की माणशी' यावर. वाडीतला गणपती असो, चाळीतला सत्यनारायण असो की देवळाचा जीर्णोद्धार, हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि अजून कुणी जिंकलेलं नाही. एका भावाला तीन मुलगे, दुसऱ्याला एकच मुलगी. घरटी काढली तर त्या एकटीने तिघांएवढे भरायचे. माणशी काढली तर तीन मुलग्यांच्या घराला तिप्पट भुर्दंड. हिशेब दोन्ही बरोबर, आणि रुसायला जागा दोन्हींत.

आमच्या साताऱ्याच्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला नातवंडांनी मिळून काहीतरी सोन्याचं द्यायचं, असं ठरलं. साडेएकोणतीस दिवसांनी एक पौर्णिमा धरली, तर हजार पौर्णिमा 81 व्या वर्षाच्या अखेरीस भरतात. चंद्राचं काम असं चोख. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र पहिल्याच दिवशी घसरला. न्यू जर्सीच्या आतेभावाने उदार मनाने लिहिलं, "माझे शंभर डॉलर धरा." झालं! रुपयांत ते आठ हजारांच्या वर जातात, हे प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर बघितलं असणार, कारण त्यानंतर ग्रुपवर बराच वेळ शुकशुकाट होता. मग बँकेतल्या दादाने पाच हजार लिहिले. त्याच्याखाली दोन हजार लिहायला कुणाचं बोट धजेना. पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या धाकट्याने नुसता अंगठा टाकला. त्या अंगठ्याचा अर्थ 'कबूल' असाही होतो आणि 'मेलो' असाही.

माझं म्हणणं इतकंच, की आकडा वरून खाली येऊ नये. ज्याला सगळ्यात जड जाणार आहे, त्याच्यापासून सुरुवात करावी आणि तीही त्याला चारचौघांत न विचारता. 'फूल ना फुलाची पाकळी' असं तोंडाने म्हणायचं आणि पाकळीचा भाव पाच हजार ठेवायचा, हे काही खरं नाही.

पूर्वी ऑफिसात कुणी रिटायर व्हायचं तेव्हा एक खाकी पाकीट टेबलाटेबलावरून फिरायचं. सोबत नावांची यादी. पैसे टाकायचे आणि नावापुढे बरोबरची खूण करायची. खूण शिपायाचीही तेवढीच, साहेबांचीही तेवढीच. घडी घातलेली नोट पन्नासची की पाचशेची, हे पाकिटाला ठाऊक. कुणाची महिनाअखेर कशी चाललीय याची चौकशी नाही. यूपीआय आल्यापासून त्या पाकिटाची सोय गेली. आता पैसे गोळा करणाऱ्याच्या मोबाइलवर नाव, रक्कम आणि वेळ, सगळं ओळीने उमटतं. म्हणून मी तर म्हणेन, हे काम गणित पक्कं असलेल्याला देऊ नये, तोंड मिटून राहणाऱ्याला द्यावं. बेरीज काय, मोबाइल करतो. (देवळातल्या संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांच्या नावापुढे रकमा कोरतात, त्यांचं मला कायम आश्चर्य वाटतं. 501 वाला रोज दर्शनाला येतो आणि आधी आपल्या वरचा 1001 वाला बघतो.)

लग्न झालेल्या बहिणींचं दुखणं आणखी वेगळं. आमच्या एका बहिणीने मला बाजूला फोन करून सांगितलं, "घरटी धरशील तर माझं घर कुठलं धरशील?" माहेरच्या हिशेबात ती वडिलांच्या घरात मोजली जाते, पैसे मात्र सासरच्या खात्यातून जाणार, आणि तिथे 'कशासाठी' हे सांगावं लागणार. तिने शिवणाच्या पैशांतून बाराशे दिले. शंभर डॉलरपेक्षा ते मला जड वाटले, पण हे आतेभावाला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याने बिचाऱ्याने मनापासूनच दिले होते.

एवढं होऊनही सोनं घेताना लोक एक गोष्ट हमखास विसरतात: घडणावळ. भाव पेपरात वाचतात, ग्रॅमने गुणतात आणि तेवढीच वर्गणी काढतात. समजा, 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 9,000 आहे आणि पाच ग्रॅमचं पेंडंट घ्यायचंय. झाले 45,000. त्यावर 12 टक्के घडणावळ, म्हणजे 5,400. त्या सगळ्या बेरजेवर तीन टक्के जीएसटी, 1,512. बिल येतं 51,912. वरचे सहा हजार नऊशे बारा कुणाचे? जो दुकानात उभा असतो त्याचे. 'नंतर बघू' म्हणतात आणि नंतर कुणीच बघत नाही. शिवाय डबी, शाल, हार, रिक्षा. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याने निदान पीठ तरी पदरचं घालू नये. म्हणून आधी पैसे जमवावेत, त्यातून वरखर्च बाजूला काढावा आणि उरतील त्यात किती ग्रॅम बसतं ते सोनाराला विचारावं. वस्तू आधी पसंत करून मग माणशी भागाकार करणं म्हणजे भांडणाला अक्षत देणं.

आम्ही शेवटी तसंच केलं. ज्याला जे जमेल ते, आणि आकडा मी सोडून कुणाला कळायचा नाही. डॉलरवाल्याला हे पटलं नाही, पण त्याने पाठवले. धाकट्याने पाठवलेला आकडा सांगणार नाही. पेंडंट ठरल्यापेक्षा हलकं आलं. कार्डावर नावं वयाप्रमाणे लिहिली, त्यामुळे तो सगळ्यात शेवटी आला, आणि त्यावरही त्याने तक्रार केली.

आजीने डबी उघडली आणि पहिलाच प्रश्न केला, "केवढ्याला पडलं?" म्हाताऱ्या माणसाला खरी किंमत सांगायची नाही, हा आपल्या घरांतला अलिखित नियम. दादाने निम्मी सांगितली. आजीने पेंडंट तळहातावर दोनदा झेललं, हॉलमार्क डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाली, "चार ग्रॅम तरी आहे. एवढ्यात कुठला सोनार देतो? बिल दाखव बघू."

बिल माझ्या खिशात होतं.