वारं गेलं म्हणून आणलेला मुलगा

पहाटे कॅज्युअल्टीत चौघांनी उचलून आणलेला पंचविशीचा हमाल. झोपताना धडधाकट, लघवीला उठायला गेला तर पाय हलेनात. "अंगावरून वारं गेलंय सिस्टर," वडील सांगत होते. ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या (आरएमओ) चेहऱ्यावर 'नाटक' लिहिलेलं.

वारं गेलं की सहसा एक बाजू जाते. याचे दोन्ही पाय सारखेच लुळे होते. मांड्या उचलेनात, पण बोटं हलत होती. चिमटा कळत होता, बोलणं स्वच्छ. मी आधी पाय बघत नाही, श्वास बघते. "दादा, एका दमात आकडे म्हण." विशीपार गेला, उशीवरून मानही उचलली. पोटाला स्टेथो लावला तर आतड्यांचे आवाज मंद. "काका, रात्री काय जेवला?" दिवसभर पोती वाहून हळदीची पंगत, वर जिलेब्या. तेव्हाच मनात पोटॅशियम आलं. असं गोडधोड झालं की इन्शुलिन वाढतं आणि ते रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतं. लॅबच्या आधी ईसीजी बोलला: टी वेव्ह सपाट, मागे यू वेव्ह, म्हणजे पोटॅशियम कमी असल्याची खूण. रिपोर्टमध्ये पोटॅशियम 2.1, हवं किमान 3.5.

ऑर्डर आली, डीएनएसमधून (साखर-मिठाचं सलाईन) केसीएल, म्हणजे पोटॅशियमचं औषध. साखरेच्या सलाईनने पोटॅशियम आणखी पेशींत जाईल. मी डॉक्टरांशी बोलले, एनएस (नुसतं मिठाचं सलाईन) लिहून घेतलं. आधी लघवी होते का पाहिलं. एका अँप्यूलमध्ये 20 एमईक्यू (पोटॅशियम मोजायचं एकक) असतात. ते सरळ शिरेत ढकललं तर हृदय थांबतं, म्हणून आमच्याकडे त्या अँप्यूल वेगळ्या, कुलपात. मॉनिटर लावून तासाला 10. शीर जळते म्हणून तो कळवळायचा, मी स्पीड कमी करायची. मधे मधे पुन्हा रक्त पाठवलं, कारण पोटॅशियम शरीराबाहेर गेलेलं नसतं, दडलेलं असतं. परत आलं की उलट चढतं.

मला खटकत होती नाडी. पडून असताना 118, हात पुढे केले की बोटं थरथरायची, तळवे ओले. सगळं नोट्समध्ये लिहिलं. सिस्टरच्या नोट्स कोण वाचतं! मागे लागून थायरॉईडचं सॅम्पल पाठवायला लावलं. दुपारी तो चालत बाथरूमला गेला आणि नातेवाइकांनी हट्टाने डिस्चार्ज घेतला.

रिपोर्ट नंतर आला: टीएसएच जवळजवळ शून्य, म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करत होता. थायरॉईड आटोक्यात आला नाही तर हे पुन्हा होणार, आणि पुढच्या वेळी श्वासावरही येऊ शकतं. केसपेपरवरचा नंबर मामांचा. "पोरगं ठणठणीत कामाला जातंय, आता कशाला रक्त काढता?" म्हणाले. त्याचा स्वतःचा नंबर काही देत नाहीत.