चोवीस भागांचा होम्स

शनिवार, रात्री

भाचा जेवायला आला होता. ताटं उचलायच्या आतच आमची जुंपली. विषय नेहमीचाच, शेरलॉक होम्सच्या दोन मालिकांतली चांगली कुठली: बीबीसीचा 'शेरलॉक' की अमेरिकन सीबीएस वाहिनीची 'एलिमेंटरी'. त्यानं आधी 'एलिमेंटरी' पाहिली, त्यामुळे त्याच्या लेखी ल्युसी ल्यू हीच वॉटसन आणि 'शेरलॉक'मधला मार्टिन फ्रीमन हा कुणीतरी बदली कामगार. मी त्याहून जुनी, जेरेमी ब्रेटवाली. कुणाकुणाकडून मागून आणलेल्या कॅसेटवर ब्रिटनच्या ग्रॅनाडा कंपनीचा, ब्रेटनं केलेला होम्स पाहिलेली.

"मावशी, तुम्हा लोकांना अमेरिकन म्हटलं की आधी नाक मुरडायचं असतं, बघायचं नंतर," तो म्हणाला.

तसं घडलंच होतं. सीबीएसनं बीबीसीच्या 'शेरलॉक'चाच रिमेक करण्याबद्दल विचारणा केली होती. ते जमलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचा आजच्या काळातला होम्स न्यूयॉर्कला नेऊन बसवला. २०१२ च्या सुरुवातीला बातमी फुटली. 'शेरलॉक'च्या निर्मात्या स्यू व्हर्ट्यू यांनी जाहीरच केलं की पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग आम्ही बारकाईनं बघणार, आमच्या हक्कांना धक्का लागलाय का ते तपासणार. मग चाहत्यांना काय, आयतं कोलीत मिळालं. न्यूयॉर्क कशाला, वॉटसन बाई कशाला, नकलाच करायच्यात तर नाव तरी बदला. एक भागही दाखवला गेला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. इकडे नवा होम्स जॉनी ली मिलर आणि आधीचा होम्स बेनेडिक्ट कंबरबॅच हे दोघं आदल्याच वर्षी लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये एका नाटकात डॉ. फ्रँकेन्स्टाइन आणि त्याचा राक्षस या भूमिका आलटून पालटून करत होते. ऑलिव्हिए पुरस्कारही दोघांना मिळून मिळाला.

आणि अमेरिकनांनी होम्सला हात लावला म्हणून विटाळ मानायचा तर सुरुवात १८९९ पासून करावी लागेल. विल्यम जिलेट या अमेरिकन नटानं होम्सचं नाटक रंगभूमीवर आणलं. होम्सचं लग्न लावलं तर चालेल का, असं त्यानं तारेनं विचारलं. होम्सचे लेखक कॉनन डॉइल यांनी उत्तर धाडलं की लग्न लावा, खून करा, वाटेल ते करा. खुद्द लेखकानं हात झटकल्यावर आपण सोवळं नेसून कशाला बसायचं? होम्सचा तो वाकडा पाईपसुद्धा जिलेटमुळेच रूढ झाला असं मानतात.

म्हणजे माझी तक्रार शहराबद्दल नाही आणि वॉटसन बाई असण्याबद्दल तर नाहीच. तक्रार आहे भागांच्या संख्येबद्दल. हे मी भाच्याला सांगायला गेले तर तो म्हणाला, "भाग जास्त तर चांगलंच की." आणि श्रीखंडाची वाटी घेऊन उठला.

रविवार, दुपारी

वाद डोक्यातून जाईना म्हणून ब्रिटिश 'ब्रॉडचर्च' आणि तिचा अमेरिकन रिमेक 'ग्रेसपॉइंट' या दोन्हींचे पहिले भाग लागोपाठ पाहिले. 'ब्रॉडचर्च' २०१३ ची, आयटीव्हीची, आठ भागांची. 'ग्रेसपॉइंट' २०१४ ची, फॉक्सची, दहा भागांची. नायक दोन्हीकडे डेव्हिड टेनंटच. पहिल्या भागाचा दिग्दर्शकही तोच, जेम्स स्ट्राँग.

समुद्रकिनाऱ्यावर मुलाचं प्रेत सापडतं. आई रस्त्यावर वाहनांच्या रांगेत अडकलेली. काहीतरी कानावर येतं, ती गाडी तिथेच सोडते, धावत सुटते. किनाऱ्यावर पोहोचते तर झाकलेल्या देहाचे फक्त बूट दिसताहेत. ते बूट ती ओळखते. पुढचं तिला कुणी सांगावं लागत नाही. डॉर्सेटमधला वेस्ट बेचा पिवळट, सरळसोट कडा या प्रसंगात मागे उभा असतो, आणि त्या कड्याखाली माणसं फार लहान दिसतात.

'ग्रेसपॉइंट'मध्ये हाच प्रसंग जवळपास जसाच्या तसा आहे. गाव उत्तर कॅलिफोर्नियातलं म्हणून दाखवलंय, चित्रीकरण कॅनडात, व्हँकूव्हर बेटावर. अभिनयात खोट काढण्यासारखं काही नाही. तरी मी हातातला फोन बघायला लागले. ज्यांनी मूळ पाहिली त्यांना सगळं ठाऊक, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी शेवट वेगळा करणार, दोन भाग वाढवणार. आमटी पुरत नाही म्हणून पाणी घालावं, तशातला प्रकार. एका सीझनमध्ये गाशा गुंडाळला. इथे चाहत्यांची शंका शंभर टक्के खरी ठरली, हे भाच्यालाही मान्य करावं लागेल.

'प्राइम सस्पेक्ट' या ब्रिटिश पोलीस मालिकेच्या रिमेकचं दुःख मात्र जास्त आहे. १९९१ ची मूळ मालिका म्हणजे दोन भाग, तीन तासांहून जास्त, आणि एकच तपास. हेलन मिरनची जेन टेनिसन ही वरिष्ठ अधिकारी. आधीचा साहेब हार्ट अटॅकनं जातो आणि ती त्याच्या खुर्चीत बसते. खोलीतले सगळे पुरुष तिच्या वाईटावर. साहेबांनी प्रेताची ओळखच चुकीची पटवलीय हे तिच्या लक्षात येतं, आणि तेवढ्यावरून अख्खं खातं तिच्यावर उलटतं. तीन तास एकच खून असल्यामुळे तिरस्काराला साचायला वेळ मिळतो. कुणीतरी फोन द्यायला मुद्दाम उशीर करतो, एवढ्यानंही आपलं डोकं फिरतं.

अमेरिकेतल्या एनबीसीनं २०११ मध्ये मारिया बेलोला घेऊन तेच नाव वापरलं. बाई दमदार, पण दर आठवड्याला नवा खून. जाहिराती वजा करता हाताशी बेचाळीस-त्रेचाळीस मिनिटं. तेवढ्यात प्रेत, संशयित, चुकीचा संशयित, खरा खुनी, आणि उरल्या वेळात पुरुषी खात्याचा जाच. जाच असा उरल्या वेळात दाखवता येत नाही. समीक्षकांनी तर तिच्या हॅटवरच जास्त शाई खर्च केली. तेरा भागांत बंद.

यामागे दुष्टपणा कुणाचाच नाही. अमेरिकन चॅनेलचं गणितच तसं होतं. वर्षाला बावीस-चोवीस भाग काढायचे, मधला एखादा चुकला तरी प्रेक्षकाचं अडू नये म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्र ठेवायचा, आणि शंभरेक भाग साठले की मालिका स्थानिक वाहिन्यांना विकून खरा पैसा करायचा. या घाण्याला 'क्रॅकर' ही ब्रिटिश मालिकाही जुंपली आणि 'लाइफ ऑन मार्स'ही. दुसरीचा अमेरिकन शेवट तर असा आहे (पुढे शेवट फोडतेय), की १९७३ सालातली पोलीस चौकी हा सगळा मंगळावर निघालेल्या अंतराळवीरांचा भास होता. नावात मंगळ आहे म्हणून खरंच मंगळावर नेलं! मला अजून हसू येतं.

बुधवार

भाच्याचा मेसेज आला: "मग एलिमेंटरी का चालली? १५४ भाग."

प्रश्न बरोबर आहे. मला वाटतं ती चालली कारण तिनं मोठी लांबी अंगावर घेतली. बीबीसीचा होम्स सात वर्षांत तेरा वेळा आला आणि दर वेळी फटाके उडवून गेला. न्यूयॉर्कचा होम्स व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच बाहेर पडलाय आणि त्याच्यावर नजर ठेवायला त्याच्या बापानं एका माजी सर्जन बाईला नेमलंय. व्यसनातून बाहेर पडणं हे कंटाळवाणं काम आहे. रोज तेच, उद्याही तेच. त्याला चोवीस भागांचा सीझनच हवा. नव्वद मिनिटांच्या तीन भागांत ते मावलं नसतं. खुनांच्या कथा बेताच्याच, पुष्कळदा विसरूनही जातात. पण पहिल्या सीझनच्या शेवटी गच्चीवर तो मधमाशांची पेटी दाखवतो आणि नव्या जातीच्या माशीला वॉटसनचं नाव देतो, तिथे ती आधीची तेवीस आठवड्यांची घासाघीस कामी येते. शिवाय मधमाशा डॉइलच्याच. म्हातारपणी ससेक्समध्ये पेट्या सांभाळणारा होम्स मूळ कथांतच आहे. ज्यांनी एकही भाग न बघता शिव्या घातल्या, त्यांच्यापेक्षा या लेखकांनी डॉइल नीट वाचला होता.

अगाथा ख्रिस्तीच्या म्हाताऱ्या गुप्तहेर मिस मार्पलच्या बाबतीत मात्र मी अजिबात हटणार नाही. २०११ मध्ये डिस्नेनं जेनिफर गार्नरला घेऊन मार्पल करायचं ठरवलं होतं. गार्नर तेव्हा चाळिशीच्याही आतली. नंतर सीबीएसकडेही एक तरुण मार्पल शिजत होती, कॅलिफोर्नियातल्या पुस्तकांच्या दुकानाची वारसदार. अहो, म्हातारी विणकाम करत कोपऱ्यात बसलीय म्हणूनच तर तिच्यासमोर माणसं नको ते बोलून जातात! वय काढून घेतलंत तर तिच्या हाती उरतं काय? दोन्ही बेत बारगळले, बरं झालं. तसं अमेरिकनांना हे कळत नव्हतं असंही नाही. १९८४ मध्ये त्यांनी अँजेला लान्सबरीला घेऊन मेन राज्यातल्या एका गावात खून उकलणारी स्वतःची जेसिका फ्लेचर उभी केली. ती बारा सीझन, २६४ भाग टिकली. मार्पलचं नावही घ्यावं लागलं नाही.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. 'लुथर' या ब्रिटिश पोलीस मालिकेवरून २०२२ मध्ये मुंबईतली 'रुद्र' झाली, अजय देवगणची. मूळचा पहिला सीझन सहा भागांचा, हीसुद्धा सहाच भागांची. तरी मला ती फिकी वाटली. तेव्हा भागांचा हिशेब सगळीकडे लागू पडतो असा दावा मी करत नाही. अमेरिकेतल्या एचबीओच्या 'द नाइट ऑफ'नं तर मूळ ब्रिटिश मालिकेच्या पाच भागांचे आठ केले आणि मला ती मूळ मालिकेपेक्षा आवडली. जाहिरातींची कटकट नव्हती, हे एक कारण असेल.

आता भाच्यानं नवं खूळ काढलंय: सीबीएसची २०२५ ची 'वॉटसन'. होम्स गेलाय आणि डॉक्टर वॉटसन पिट्सबर्गमध्ये दुर्मिळ आजारांचा दवाखाना चालवतोय. म्हणजे होम्सवरून 'हाउस' ही डॉक्टरची मालिका काढली, घराचा नंबरही होम्सचाच २२१ बी ठेवला, आणि आता 'हाउस'वरून परत वॉटसन. माझी शंका जशीच्या तशी शाबूत आहे. त्याला कळवलंय, शनिवारी ये, पहिला भाग लाव, श्रीखंड संपलंय.