तुम्ही विचारलंत म्हणून: चौथ्या वर्षीही अर्धी बाग काळ्या कापडाखाली का?

इंग्लंडातल्या या जुन्या इस्टेटीवरची भाजीची बाग बघायला जे मराठी पाहुणे येतात, त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. भिंत उभीच आहे, जमीन इतकी वर्षं विसावलेली आहे, मग पडीक बाग पुन्हा उभी करायला चार वर्षं कशाला? आमच्या गावाकडे एका पावसात रान तयार होतं. सिमेंटने दरजा भरा, एकदा तणनाशक मारा, ट्रॅक्टरभर खत टाका, झालं, असं ते म्हणतात.

नाही होत. आणि का होत नाही ते एकदा नीट सांगायचं आहे.

आधी भिंत. दक्षिणेकडे तोंड असलेली ती बारा फुटी विटांची भिंत म्हणजे नुसतं कुंपण नव्हे. दिवसभर ऊन पिऊन रात्री ती ऊब सोडते, म्हणून थंड देशातही तिच्या अंगावर पीच आणि जर्दाळू पिकतात. तिच्या सांध्यांत चुना आहे, म्हणजे आत शिरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडतं. सिमेंट भरलं की ते पाणी विटेतून वाट काढतं, हिवाळ्यात गोठतं आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटून येतो. मागे कोणीतरी सिमेंटने भरलेले सांधे इथे जसेच्या तसे उभे आहेत, त्यांच्यामधल्या विटा मात्र अंगठाभर आत खचल्या आहेत. म्हणून एक भाग हायड्रॉलिक चुना, म्हणजे ओलाव्यातही घट्ट होणारा, ३.५ प्रतीचा, आणि अडीच ते तीन भाग कोनदार वाळू. सांधा त्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायचा, विटा ओल्या करायच्या, भरून झाल्यावर गोणपाट ओलं ठेवायचं. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर हात लावायचा नाही. म्हणजे पॉइंटिंग, सांधे भरण्याचं काम, मे ते सप्टेंबर. त्याआधी भिंतीवरची आयव्हीची वेल काढायची तर मार्च ते ऑगस्ट तिच्यात पक्ष्यांची घरटी. म्हणून ती हिवाळ्यात बुंध्याशी कापायची आणि वाळू द्यायची. ओढून काढली तर मुळांबरोबर विटाही येतात. एका भिंतीची दोन वर्षं इथेच गेली. शिवाय इमारत संरक्षित यादीत असली, की तिच्या आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची भिंतही सहसा त्याच संरक्षणाखाली येते, तेव्हा परवानगी वेगळी.

जमीन विसावलेली आहे, हे तर मला मान्यच नाही. जुन्या काचघरांच्या लाकडाला शिशाचा रंग असायचा, त्याचे पोपडे खालच्या मातीत पडलेत. बॉयलरच्या कोळशाची राख वाफ्यांत गेलीय. फळझाडांवर एके काळी लेड आर्सेनेट हे विषारी कीटकनाशक फवारायचे. म्हणून आधी वेगवेगळ्या कोपऱ्यांतले नमुने, आणि काचघराच्या पायथ्याशी पालेभाजी आणि कंदमुळं नाहीत, कारण पानाला आणि मुळाला माती चिकटते. कोबीवर्गाची मुळं सुजवणारा क्लबरूट रोग मातीत वीस वर्षंही दबा धरून राहतो. चुना घालून सामू ७ च्या वर नेला तर तो आटोक्यात राहतो, जात नाही.

आता काळं कापड. आमचं मुख्य तण बाइंडवीड, आपल्या हरणखुरीच्याच कुळातलं, पण दांडगं. मुळं पांढरी, शेवयांसारखी, बोटभर तुकडा राहिला तरी नवी वेल. कुळवलं की एकाची शंभर होतात. उजेड पूर्ण तोडून दोन हंगाम, कधी तीन, हाच उपाय मला पटला. शाश्वत म्हणता आणि प्लास्टिक अंथरता, असं कोणी म्हटलं की मी चिडतो. पण ते बरोबर आहे. विणलेल्या कापडाच्या कडा उसवतात आणि त्याचे धागे मातीत मिसळतात. पुठ्ठ्यावर १५ सेंटिमीटर कंपोस्ट घालून आम्ही करून पाहिलं. हरळीसारख्या गवताला पुरलं, बाइंडवीडला नाही.

आणि आता खत, कारण खरी वर्षं तिथे गेली.

दोनशे चौरस मीटरच्या वाफ्यावर पाच सेंटिमीटरचा थर द्यायला दहा घनमीटर खत लागतं. जवळच्या एका तबेल्यातून घोड्याची लीद आणली. दोन वर्षं कुजलेली, काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली, मूठ दाबली तर पावसातल्या मातीचा वास. किती जुनी, भुसा की पेंढा, सगळं विचारलं होतं. घोड्यांनी खाल्लेलं गवत कुठलं, हे विचारलं नव्हतं.

मार्चमध्ये पसरली. मेच्या अखेरीस बाकल्याचे, म्हणजे घेवड्यासारख्या शेंगभाजीचे, शेंडे वळले. पानं वर उचलून वाटीसारखी झाली, शिरा एकमेकींना समांतर. बटाट्याचं नवं पान तर नेच्याच्या कोवळ्या कोंबासारखं गुंडाळलेलं. आधी वाटलं थंडीचा तडाखा, मग मावा, मग विषाणू. उत्तर शेजारच्याच सरीत उभं होतं. त्याच वाफ्यात, त्याच खतावर कोबी आणि मका ठणठणीत होते. गवताच्या जातीला आणि कोबीला धक्का नाही आणि शेंगवर्गीय पिकं, बटाटा, टोमॅटो वाकलेले, म्हणजे तणनाशक.

अमिनोपायरॅलिड. कुरणातल्या काटेरी तणांसाठी आणि डॉक नावाच्या रुंद पानांच्या तणासाठी मारतात. गवत मरत नाही, ते गवत घोडा खातो, औषध त्याच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि काडीच्या लाकडी भागाला चिकटून राहतं. ढिगात दोन वर्षं कुजूनही जात नाही. मातीत काडी विरघळू लागली की मोकळं होतं, तेव्हाच मुळांना लागतं. २००८ मध्ये ब्रिटनभर बागांची अशी हानी झाली आणि विक्री काही काळ थांबवली गेली. नंतर ती अटींसह परत सुरू झाली.

उपाय एकच, मातीतल्या जिवाणूंना काम करू देणं. वाकलेली झाडं उपटली, ती कंपोस्टात टाकली नाहीत. जून ते सप्टेंबर, माती ऊबदार असताना, चार वेळा वाफा उलथला. न खणता शेती करायची म्हणणाऱ्या बागेत हे करताना हात जड झाले. पुढच्या वर्षी तिथे फक्त मका. त्याच्या पुढच्या वसंतात अर्ध्या वाफ्यावरचा बाकला पुन्हा वळला.

बागेच्या जुन्या फलकावर मीच लिहिलं होतं: बाहेरून फक्त खत, दुसरं काही नाही. व्हिक्टोरियन माळी हेच करायचे, असा माझा दाखला. कॉर्नवॉलमधल्या हेलिगनच्या बागेत अननसाचा खड्डा घोड्याच्या लिदीच्या उबेवर चालतो. पण इस्टेटीचा घोडा बहुतेक इस्टेटीचंच गवत खायचा. ते वर्तुळ बंद होतं, माझं उघडं होतं आणि मी ते बंद समजलो. तुम्ही म्हणता एकदा तणनाशक मारा, आणि दुसऱ्याने एकदाच मारलेल्याची ही किंमत आहे.

मग लीद घेऊच नये का? मला ठरवता आलेलं नाही. नाही घेतली तर तबेल्यातली लीद कचऱ्यात जाते, आणि आमचं स्वतःचं पालापाचोळ्याचं खत सगळ्या वाफ्यांना पुरत नाही. घेतली तर प्रत्येक गाडी आधी तपासायची. अर्धं खत, अर्धं पीट (दलदलीतली कुजकी माती) नसलेलं कुंडीमिश्रण, तीन कुंड्या. नुसत्या मिश्रणाच्या तीन. प्रत्येकीत बाकल्याचे तीन दाणे, प्रत्येकीखाली वेगळी बशी, नाहीतर पाण्यातून औषध शेजारणीत जातं. तीन ते चार आठवडे. पहिल्या दोन पानांवरून ठरवू नका, तिसऱ्या जोडीवर नजर ठेवा.

नव्या गाडीच्या सहा कुंड्या पॉटिंग शेडच्या खिडकीत आहेत. तिसरी जोडी अजून उलगडलेली नाही, तोवर खत पसरता येत नाही, म्हणून कापड तसंच आहे.