भंडारा उचलून विकत घेतलेलं मत

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला पैसे वाटतात, हे कुणाला नवं नाही. मला बोलायचंय ते पैशासोबत येणाऱ्या ताटाबद्दल.

आदल्या रात्री पॅनेलची माणसं वस्तीवर येतात. ताटात बिरोबा देवाचा भंडारा म्हणजे हळद, नारळ आणि पाचशेच्या नोटा. आधी भंडारा उचलायला, म्हणजे देवाची आण घ्यायला लावतात, चिन्हाचं नाव घ्यायला लावतात, मग नोटा. मत गुप्त असतं, यंत्रात कुणी डोकावू शकत नाही, म्हणून वसुलीला देव आणलाय.

आणि यात सापडतं कोण? पोरं दोन्हीकडून घेतात, आण खातात आणि हवं तिथं बटण दाबतात. सापडतात माझ्या सासूबाईंसारख्या, घेतलेली आण ज्यांच्याच्यानं मोडवत नाही त्या. मागच्या वेळी त्यांना वॉर्डातली दुसरी बाई मनापासून पटली होती. बोरिंगच्या पाण्यासाठी ती भांडलेली. तरी म्हणाल्या, "अगं, भंडारा उचललाय मी. नातवंडांना बाधलं म्हंजे?"

ताट घेऊन आलेला माणूसही ओळखीचाच. मामंजी गेल्यावर निराधारचा अर्ज त्यानंच भरून दिला. पगार सरकारचा, पण सासूबाईंच्या मनात उपकार त्याचा. नाही म्हटलं तर घरकुलाच्या यादीतून नाव जाईल, ही धास्ती वेगळीच. मला सर्वांत राग याचा येतो.

देवाच्या कोपाची भीती घालून मत वळवणं हा गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्येही आहे. पण तक्रार करणार कोण? सगळी भावकीच. मोठ्या प्रमाणावर झालं की मात्र दिसतं. जानेवारी २०२१ मध्ये उमराणे (नाशिक) आणि खोंडामळी (नंदुरबार) इथं पदांचा लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली. उमराण्याची बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली होती, तीही मंदिराच्या नावानं. देवळाला पैसा मिळाला तरी गावाचं मत गेलं ते गेलंच.

मतदार जागृतीला शाळेत येणारे साहेब दारू-पैशावर बोलतात, भंडाऱ्यावर कुणीच बोलत नाही. यंदा मी बिरोबाच्या पुजाऱ्यांना विनंती करणार आहे: निवडणुकीआधीच्या अमावस्येला, देवळात गर्दी असताना, पैसे देऊन घेतलेली आण देव धरत नाही, एवढं तुम्ही मोठ्यानं सांगा. सासूबाई माझं ऐकायच्या नाहीत, त्यांचं ऐकतील.