फायबरचा हत्ती: रेखाटन संपलं, रंग सुरू

मागचे फोटो ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात: गुडघ्याएवढं फायबरचं पांढरं हत्तीचं पिल्लू आणि त्यावर सावंतवाडीच्या गंजिफातले, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांतले, दशावतार. २०१८ मध्ये 'एलिफंट परेड', म्हणजे रंगवलेल्या हत्तींच्या शिल्पांचं सार्वजनिक प्रदर्शन, मुंबईत आली होती, तेव्हापासून हे डोक्यात होतं.

पूर्वतयारीत वेळ गेला, पण तो घालवावाच लागतो. फायबर साच्याला चिकटू नये म्हणून लावलेलं मेण अंगावर राहतं. ते गेलं नाही तर रंगाचे पापुद्रे निघतात. आधी थिनरच्या फडक्याने पुसलं, साबणाने धुतलं, मग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) घासलं आणि प्रायमर लावला.

खरा कस लागला रेखाटनात. गंजिफाचं पान गोल. दशावतारी संचात १२० पानं असतात, एकेका अवताराची १२. मी फक्त दहा राजे, म्हणजे प्रत्येक अवताराचं राजाचं पान, घेतलेत. कागदावर कंपासने काढलेलं वर्तुळ पोटाच्या फुगवट्यावर धरलं की कागदाला चुण्या पडतात. शेवटी दोऱ्याला पेन्सिल बांधली, दुसरं टोक अंगठ्याने दाबलं आणि थेट अंगावरच वर्तुळं फिरवली. कपाळावर नृसिंह. कूर्म मात्र अर्धा कानावर, अर्धा मानेवर: एका ठरावीक कोनातून गोल पुरा होतो, दोन पावलं सरकलं की तुटतो. रस्त्यावरचं शिल्प माणूस चालता चालता बघतो, म्हणून हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सपाट चित्र आणून प्राण्याच्या कुशीवर डकवलं की प्राणी हरवतो. शिकागोत १९९९ साली रस्तोरस्ती फायबरच्या रंगवलेल्या गायी उभ्या राहिल्या, त्या शिल्पकार पास्कल क्नाप यांच्या मोजक्या साच्यांतल्या: उभी, चरणारी, बसलेली. सगळ्यांना शरीर तेच मिळालं होतं. ज्यांनी त्या बैठकीचा, वळलेल्या मानेचा उपयोग केला, त्यांच्याच गायी मला पुन्हा पुन्हा बघाव्याशा वाटतात.

पुढचा एक पाय कोराच ठेवणार आहे. थायलंडमध्ये मोशा नावाच्या पिल्लाचा पाय भूसुरुंगात गेला. तिच्यामुळेच ही परेड सुचली आणि २००७ मध्ये रॉटरडॅमला पहिल्यांदा भरली. तिची आठवण या हत्तीवर असायलाच हवी.

आता पार्श्वभूमीचा लाल दुसरा हात घेतोय. नंतर ॲक्रिलिक रंगावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर. हत्ती अंगणात, उन्हापावसात राहणार आहे. कोकणातल्या पावसात टिकलेला कोट कोणी वापरला असेल तर नक्की सांगा, आणि ब्रशने मारला की स्प्रेने, तेही.