कंपोस्ट अडलं होतं ते सुक्या पानांवाचून

रासायनिक खतं आणि फवारे बंद करून बाग सांभाळायची ठरवलं, तेव्हा बाकीचं सगळं पटकन जमलं. कुंड्यांत पाल्याचं आच्छादन घातलं, पाणी सकाळी लवकर आणि थेट मुळाशी द्यायला लागले, मावा ही बारीक कीड दिसली की पाण्याच्या धारेने धुऊन टाकली. घोडं अडलं ते घरच्या कंपोस्टपाशी.

त्याचा राग अजून आहे. जिथे वाचावं तिथे तेच: ‘ओला आणि सुका कचरा एकत्र करा, दीड महिन्यात खत तयार.’ किती ओला, किती सुका, याचा पत्ता नाही. ओला कचरा रोज आपोआप निघतो, सुका, म्हणजे वाळकी पानं वगैरे, मुद्दाम जमवावा लागतो. त्यामुळे पिंपात सालं आणि देठंच जास्त जातात. माझ्या पिंपाचं झाकण उचललं की आतल्या बाजूने पाणी ठिबकायचं. वरचा थर काळपट, चिकट, आणि सडक्या अंड्यांसारखा वास. खाली हात घातला तर सगळं गार. मोठा ढीग नीट कुजत असेल तर 55 अंशांच्या वर तापतो. घरच्या पिंपात तेवढं होत नाही, पण निदान कोमट तरी लागायला हवं. आठवड्यामागून आठवडे गेले, काही हलेना.

कारण साधं आहे आणि पहिल्याच ओळीत सांगायला हवं. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्राच्या 25 ते 30 पट कार्बन लागतो. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, वाळक्या पानांत कार्बन जास्त. शिवाय पानांमुळे आत हवा खेळते. हवा कोंडली की वेगळेच जिवाणू माजतात, तो घाण वास त्यांचा. अमोनियाचा झणझणीत वास आला तर नत्र जास्त झालंय असं समजा. दोन्हींवर उपाय एकच, सुकी पानं.

मी पिंप रिकामं केलं. एक घमेलं ओल्याला दोन-तीन घमेली सुकं, असं मोजून परत भरलं. पानं चुरून घातली, कारण अख्खी पानं एकमेकांना चिकटून बसतात. पुठ्ठ्याचे तुकडेही चालतात. कडेने भोकं पाडली. आणि एका सकाळी हात घातला तर आत चक्क ऊब! इतका आनंद मला पहिल्या फुलाचाही झाला नव्हता.

ओल तपासायची तर मूठभर घेऊन दाबा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. अळ्या दिसल्या म्हणून सगळं फेकून देऊ नका, कळकळीने सांगते. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, कचरा झपाट्याने खातात आणि झाडाला काही करत नाहीत.



पानगळीत पोती भरून पानं साठवा. ती जाळणारी माणसं पाहिली की जीव तुटतो.

खत झालं का, हे तारखेवर ठरवू नका. थोडं ओलसर खत पिशवीत बंद करून काही दिवसांनी हुंगा. मातीचा वास आला तर तयार, आंबूस आला तर थांबा. कच्चं खत घातलं की ते कुजवताना सूक्ष्मजीव मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पानं पिवळी पडतात. चाळणीवर उरलेला भरडा टाकू नका, पुढच्या पिंपाच्या तळाशी घाला.